कासरा कोणाच्या हाती

छापलेलं कधी खोटं नसतं, हे रिठद गावाला जानरावानं शिकवलं. शिकवणारा मराठी चौथी पास आणि शिकणारे बहुतेक अंगठाबहाद्दर, तेव्हा शिकवणी पक्की बसली यात नवल ते काय! दर शुक्रवारी वाशीमहून रिसोडकडे जाणारी सर्व्हिस मोटर फाट्यावर धूळ उडवत थांबायची, ड्रायव्हर 'लोकतुतारी' साप्ताहिकाची गुंडाळी खाली फेकायचा आणि जानराव ती दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावायचा. मग चावडीवर जाऊन घोंगडीवर मांडी ठोकायची, नाकावर चष्मा चढवायचा आणि घसा खाकरायचा. तो चष्मा डोळ्यांसाठी होता की मानासाठी, हे त्याच्या बायकोला, सोजरबाईला, चांगलं ठाऊक होतं. पण ती माउली चारचौघांत कधी बोलली नाही. घरी बोलायची, आणि सगळी कसर भरून काढायची.

त्यातून जानराव नुसता वाचणारा नव्हता. तो 'लोकतुतारी'चा रिठदचा वार्ताहर होता. पगार म्हणाल तर शून्य. पण वर्षाकाठी त्याच्या दोन-चार ओळी छापून यायच्या. 'रिठद येथे पाऊसपाणी समाधानकारक आहे.' एका साली पावसानं गावाच्या तोंडचं पाणी पळवलं, तेव्हाही छापून आलं की पाऊसपाणी समाधानकारक आहे. आणि गंमत अशी, की ते चावडीवर वाचून दाखवल्यावर चार म्हाताऱ्यांना खरंच जरा समाधान वाटलं. जानरावालाही वाटलं, आणि त्याची तर स्वतःची कपाशी वावरात वाळत होती.

तर सन छत्तीसचा पोळा. लोकल बोर्डाची निवडणूक तोंडावर आलेली. उमेदवार दोन: गावचे बबनराव पाटील, आणि जिनिंगवाले रामकिसन शेठ, ज्यांची रिठदच्या शिवारात बरीच वावरं होती. दोघांनाही जनतेच्या सेवेचा एकाएकी असा उमाळा आला होता, की जनता घाबरून गेली होती.

पोळ्याच्या दिवशी दुपार कलली तशा बैलजोड्या सजून तोरणाखाली आल्या. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, कपाळाला बाशिंगं. मानाची जोडी पाटलाची, ती सगळ्यांत पुढे. मग झडत्या सुरू झाल्या. आमच्याकडची रीतच आहे ती: बैलाचा कासरा हातात धरायचा, आपल्या बैलाची तारीफ आणि दुसऱ्याच्या बैलाची टर उडवणारं गाणं ठोकून द्यायचं, आणि शेवटी 'हर बोला' म्हणून आरोळी मारायची. पाटलाचा गडी पुढे झाला.

"तूर रे तूर, बरडावरची तूर, पाटलाची जोडी पाहून शेठाच्या पोटात धूर! हर बोला!"

"हर हर महादेव!" गाव ओरडलं.

शेठाचा गडी काय कमी होता? त्यानं शेठाच्या बैलाचा कासरा ओढला आणि गळा काढला. "भांग रे भांग, डोक्यातला भांग, पाटलाच्या बैलाची लंगडी एक टांग! हर बोला!"

"हर हर महादेव!" गाव पुन्हा तितक्याच जोरात ओरडलं, आणि पोट धरून हसलं. पाटलाच्या बैलाची टांग खरंच लंगडी आहे का, हे पाहायला मात्र कुणी वाकलं नाही.

आता इथवर सगळं ठीक होतं. पण पाटलांना निवडणूक लढवायची होती. नुसत्या ढोलावर कसं भागेल! त्यांनी शहरातून पितळी वाद्यांचा बँड आणला होता. आणि सगळ्यांना दिसावं म्हणून पाटलांनी त्या दिवशी बैलाचा कासरा स्वतः धरला होता. नुसता धरला नव्हता, मनगटाला वेढे देऊन गुंडाळला होता. बँडवाल्यानं त्यातलं मोठ्यातलं मोठं भोंगं नेमकं बैलाच्या कानाशी नेऊन फुंकलं. बैल कसला थांबतो! तोरण तोडून तो उधळला, आणि मागे पाटील. जनतेचा सेवक आधी धुळीतून, मग शेणातून आणि शेवटी नाल्याच्या चिखलातून फरफटत गेला. सगळं गाव 'अरे बाप्पा, अरे बाप्पा' करत जागच्या जागी उभं. धावला तो एकटा भाऊसिंग. तांड्यावरचा हा माणूस गावची गुरं राखायचा, बैलांना तो ओळखीचा. त्यानं आडवं जाऊन वेसण धरली, बैलाच्या कानात आपल्या तांड्याच्या बोलीत काहीतरी पुटपुटला, बैल थांबला, आणि मग त्यानं पाटलांना काखेत हात घालून वर काढलं. पाटील वर आले. फेटा खालीच राहिला.

पाटील जिवंत आहेत असं दिसताच गाव हसलं. पहिला हसला तो म्हातारा पुंजाजी. तो इतका हसला, की त्याला धरून खाली बसवावं लागलं.

त्या संध्याकाळी जानरावानं कंदिलाशी बसून बातमी लिहिली. मीठमसाला न लावता लिहिली, कारण मुळातच ती चवदार होती. 'बँडच्या आवाजाने श्री. पाटील यांचा बैल बुजला. भाऊसिंग नामक गुराख्याने प्रसंगावधान राखून त्यांचे प्राण वाचविले.' फेट्याचं त्यानं लिहिलं नाही. पाटलांचा मान त्यालाही होता.

शुक्रवारी गुंडाळी आली. जानरावानं चावडीवर ती उलगडली आणि बघतो तर काय! बातमी पहिल्या पानावर होती! आजवर त्याची ओळ कधी आतल्या पानाच्या कोपऱ्याबाहेर आली नव्हती. त्यानं चष्मा सारखा केला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"रिठदच्या पोळ्यात भीषण दंगा! लोकप्रिय उमेदवार श्री. बबनराव पाटील यांच्यावर भ्याड हल्ला! तांड्यातील भाऊसिंग नामक इसमाने विरोधकांच्या चिथावणीवरून बैल हुसकाविला. श्री. पाटील यांनी निधड्या छातीने..." इथं त्याची नजर खाली गेली. खाली ठळक अक्षरांत होतं: 'आमच्या रिठद येथील खास वार्ताहराकडून.'

जानरावाला वाटलं, आता लोक उठतील आणि त्याच्या अंगावर येतील. पण पुंजाजीनं हनुवटी खाजवली आणि म्हणाला, "पाय बरं! अन् आपन तती हुभे राहून हासून राह्यलो होतो. आपल्याले काईच दिसलं नाई."

"ऊन तोंडावर होतं ना," दुसरा म्हणाला.

"मले तवाच शंका आल्ती. हा भाऊसिंग धावला कायले? बाकी कोनी धावलं नाई, हाच काहून धावला?"

घ्या! माणूस वाचवायला जो एकटा धावला, तोच गुन्हेगार. आणि पुरावा काय, तर बाकीचे उभे होते.

जानराव बोलणार होता. खरंच बोलणार होता. पण पहिलं पान, 'खास वार्ताहर'... त्यानं कागदाची नीट घडी घातली आणि उठला. घरी जाता जाता तर त्याला असंही वाटू लागलं, की इतक्या मोठ्या अक्षरांत छापलंय म्हणजे आपल्याकडूनच पाहण्यात काही राहिलं असेल. स्वतःच्या डोळ्यांवर इतका अविश्वास दाखवायला माणूस शिकलेलाच लागतो.

दोन दिवसांत शेठाचा मुनीम दुसरं साप्ताहिक घेऊन आला, 'न्यायघंटा'. तेही जानरावानंच वाचलं. वाचणारा दुसरा होता कोण? "पाटलाचा अत्याचार! गरीब गुराखी भाऊसिंग यास मुद्दाम बैलाखाली तुडविले! मृत्युशय्येवर अखेरच्या घटका!" वाचन ऐन रंगात आलं होतं आणि समोरून भाऊसिंग गुरं घेऊन गेला. त्यानं रामराम केला.

रामराम कुणी घेतला नाही. पुंजाजी डोळे फाडून त्याच्याकडे पाहत होता. "मरून राह्यला म्हन्ते, अन् चालून राह्यला!"

"आखरीच्या वक्ताले येते थोडी ताकद," कुणीतरी समजूत घातली.

झालं! गावात दोन तट पडले. 'लोकतुतारी'वाल्यांनी भाऊसिंगाकडे गुरं सोडणं बंद केलं, कारण असल्या दंगेखोराच्या हाती गुरं द्यायची कशी? 'न्यायघंटा'वाल्यांनीही बंद केलं, कारण आज-उद्या मरणाऱ्या माणसाच्या हाती गुरं द्यायची कशी? एरवी पाणंदीच्या वादात एकमेकांची डोकी फोडणारं हे गाव एका माणसाच्या पोटावर पाय द्यायला मात्र अगदी एकमतानं उभं राहिलं.

एके दिवशी सकाळी भाऊसिंग जानरावाच्या दारात आला. ओट्यावर बसला नाही, उभाच राहिला.

"जानरावभाऊ, तुमी तं होते ना तती?"

"होतो."

"तुमीच लिवलं म्हन्ते गाव."

"म्या तसं नाई लिवलं भाऊसिंग... पन छापून आलं ना आता." जानरावाला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं आणि त्यानं मान खाली घातली.

"जमादार येऊन राह्यला शुक्रवारी. मले बांधून नेतो म्हन्ते. तांडा बी हालवा म्हन्ते नाल्यावरून. अन् शेठाचा मुनीम काल आल्ता, केळं घेऊन. म्हने, मतं पडेपरेंत खाटेवर पडून राय, उठू नोको. उठला तं आमचा पेपर खोटा पडते." भाऊसिंग हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. "घरची रामी म्हन्ते, एक जन जेलाच्या फाटकात टाकून राह्यला, एक जन तिरडीवर. घरी राहू द्याले कोनीच तयार नाई."

तो गेला. जानराव चष्मा पुसत बसला. सोजरबाई आतून आली, पदर खोचला आणि सुरू झाली.

"अवो, ऐकता का? पोळ्याले शेठाचा गडी म्हने, पाटलाच्या बैलाची टांग लंगडी. तुमी गेल्ते का टांग पाहाले?"

"ते झडती व्हय वं! टांग कायले पाहा लागते? कासरा शेठाच्या बैलाचा होता त्याच्या हाती, तो तेच म्हनन."

"हाव ना? मंग ह्या कागदवाल्याच्या हाती कोनाचा हाय?"

जानरावानं 'लोकतुतारी' उचललं आणि उलटं केलं. शेवटच्या पानावर पानभर बबनराव पाटील होते, मिशांसकट: 'लोकल बोर्डाचे एकमेव लायक उमेदवार'. त्यानं 'न्यायघंटा' उलटं केलं. 'कापूस घालावा तर श्री. रामकिसन शेठ यांच्याच जिनिंगमध्ये.' मागचे अंक काढले. तेच. शेवटचं पान त्यानं चावडीवर कधी वाचलंच नव्हतं. ती काय बातमी असते का! इतकी वर्षं हा गावाला झडत्या वाचून दाखवत होता, आणि कासऱ्याचं टोक मागच्या पानावर लोंबत होतं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे त्याला पाठ होतं. फक्त टाळी वाजते ती आपल्याच हातांनी, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

शुक्रवारी चावडी भरली. जमादार खुर्चीवर बसले होते. शेजारी पाटील, गळ्यात फडकं बांधून उजवा हात त्यात अडकवलेला. पोळ्याला कासरा डाव्या मनगटाला होता, पण डावा हात पाटलांना विडीला लागायचा. खाली मातीत भाऊसिंग बसलेला, त्याच्याजवळ शिपाई, शिपायाच्या हातात दोरी. पलीकडे त्याची बायको रामीबाई आणि तांड्यावरची चार माणसं उभी होती.

जमादारांनी 'लोकतुतारी'चं पान झटकलं. "जानराव कोन? ये तुमने लिखा?"

पाटलांनी जानरावाकडे पाहून मायेनं मान हलवली.

"नाई साहेब. म्या हे नाई लिवलं. बँडानं बैल बुजला. भाऊसिंगानं पाटलाले वाचवलं."

"और ये छपा कैसे? तुमच्या नावानं हाय."

"छापलं ते खोटं हाय साहेब."

चावडीत कुजबुज झाली. आणि पुंजाजी, ज्याला याच जानरावानं वर्षानुवर्षं घोटून घोटून शिकवलं होतं, तो उठून म्हणाला, "असं कसं जानराव? छापलेलं खोटं नसते. तूच तं सांगतलं!"

माना हलल्या. पाटलांची मिशी जरा वर गेली. जमादारांनी शिपायाला खूण केली आणि शिपाई दोरी उलगडू लागला.

जानरावानं भाऊसिंगाकडे पाहिलं. भाऊसिंग त्याच्याकडे पाहत नव्हता. तो रामीबाईकडे पाहत होता. तेव्हा जानरावाचं काहीतरी सटकलं. त्यानं चष्मा काढून खिशात टाकला, एका हातात 'लोकतुतारी', दुसऱ्यात 'न्यायघंटा' धरलं, दोन्ही शेवटची पानं लोकांकडे फिरवली, एकीकडे पाटलाच्या मिशा, एकीकडे शेठाचं जिनिंग, आणि पोळ्यात म्हणतात त्या खड्या चालीत गळा काढला.

"शाई रे शाई, छापखान्याची शाई, बुजला बैल बँडानं, ते छापलंच नाई! तुतारीचा कासरा पाटलाच्या हाती, घंटेचा कासरा शेठाच्या हाती, अन् भाऊसिंगाच्या तोंडात दोघायची माती! हर बोला!"

"हर हर महादेव!" चावडी गरजली. विचार करून नव्हे. त्या आरोळीला जन्मभराची सवय होती. आणि आरोळीमागून हसूही आलं, तेही सवयीनं. पुंजाजी हसला, हसता हसता खाली बसला, आणि तसं बसल्यावर त्याला पोळा आठवला.

"अरे हाव ना बापा! पाटील चिखलात... अन् फेटा! फेटा तं अजून नाल्यातच हाय!"

मग काय, सगळ्यांनाच आठवलं. ज्यांच्या तोंडावर ऊन होतं त्यांनाही लख्ख दिसू लागलं. कुणी बँडचं भोंगं वाजवून दाखवलं, कुणी पाटील कसे फरफटले ते दाखवलं. जमादारांनी मिशीआड हसू दाबलं आणि विचारलं, "पाटीलसाब, कासरा किस हाथ में था?" पाटलांनी डावा हात वर केला, मग गळ्यातल्या उजव्याकडे पाहिलं, मग दोन्ही खाली घेतले. जमादार दूध प्यायले आणि दोरी घेऊन परत गेले. दुसऱ्या दिवसापासून गुरं भाऊसिंगाकडे सुटू लागली. तांडा नाल्यावरच राहिला.

इथं गोष्ट संपली असती तर जानराव हार-तुरे घालून मिरवला असता. पण पुढचा शुक्रवार असतोच. मोटर आली, दोन्ही गुंडाळ्या पडल्या. या वेळी जानरावानं त्या कपाळाला लावल्या नाहीत. चावडीवर बसून आधी 'न्यायघंटा' वाचलं. "आमच्या निर्भीड लिखाणामुळे भाऊसिंग याची प्रकृती आता सुधारत आहे." मग 'लोकतुतारी' उघडलं, चार शब्द मनातच वाचले आणि थांबला. टाळता आलं असतं. चावडीत दुसऱ्या कुणाला अक्षर लागत होतं? पण त्यानं ठरवलं, आहे तसं वाचायचं.

"आमचे रिठद येथील माजी वार्ताहर यांस वेडाचे झटके येत असून भर चौकशीत त्यांनी गाणी म्हटल्याचे कळते. त्यांचे म्हणणे कोणीही मनावर घेऊ नये. ईश्वर त्यांस लवकर बरे करो."

त्यानं वर पाहिलं. सगळे त्याच्याकडे बघत होते. हेच लोक, हीच चावडी, आठ दिवसांपूर्वी याच्याच झडतीला 'हर हर महादेव' करणारे! भाऊसिंगाचा रामराम ज्या दिवशी कुणी घेतला नाही, त्या दिवशीही ते असेच बघत होते. तेव्हा जानराव त्यांच्यात बसला होता.

पुंजाजीनं आवाज खाली आणून, अगदी कळवळून विचारलं, "कवापासून होऊन राह्यलं रे जानराव तुले असं?"

तेवढ्यात चावडीच्या बाहेरून, जिथं तांड्यावरची माणसं उभी राहायची तिथून, खडा आवाज आला. पोळ्यात भाऊसिंगानं कधी झडती म्हटली नव्हती. त्याच्या हातात स्वतःचा कासरा कधी नव्हताच.

"तेल रे तेल, घानीचं तेल, जानरावभाऊ पागल, अन् शायना पाटलाचा बैल! हर बोला!"

निम्मी चावडी 'हर हर महादेव' करून खदखदून हसली. उरलेल्या निम्म्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा जानरावाकडे पाहिलं, आणि बसल्या जागेवरून थोडं थोडं लांब सरकून घेतलं.